हा नुसता शब्दांचा कीस नव्हे
तत्त्वज्ञानावरच्या एका लेखात म्हटलंय की संकल्पनांचं विश्लेषण, म्हणजे ‘ज्ञान’ नेमकं कशाला म्हणायचं असल्या प्रश्नांची उकल, हा नुसता शब्दांचा कीस आहे, मला हे अजिबात पटलं नाही. १९६३ साली अमेरिकन तत्त्वज्ञ एडमंड गेटियरनं जेमतेम तीन पानांत दाखवलं की समजूत खरी असली, ती मानायला योग्य कारण असलं, तरी ते ज्ञान ठरेलच असं नाही. आता बघा की, खानापूरला मित्राच्या दारात त्याची बुलेट दिसली म्हणून मी धरून चालतो हा घरातच आहे, आणि तो असतोही, पण गाडी त्याच्या भावानं आणून लावलेली आणि हा बेळगावहून बसनं येऊन मागच्या दारानं आत गेलेला! मग मला ते माहीत होतं म्हणायचं काय? डिक्शनरी उघडून हे सुटत नाही. ज्ञानाच्या व्याख्येत समजूत, तिचा खरेपणा आणि योग्य कारण या तीन अटींवर चौथी अट घालून बघितली लई जणांनी, पण बहुतेकांना नवं उदाहरण आडवं आलंच, त्यावर लेखकांनी लिहायला पाहिजे होतं.