59 नंबरला छत्री दिलती काय कुणी?

शनिवारी रंकाळ्याच्या कडेला कट्टा भरला तेव्हा आभाळ गच्च होतं आणि अजित पुण्याहून आला होता. अजित आला की फेरारीची लाल टोपी येतेच. या वेळी ती भुवयांपर्यंत ओढलेली होती. शिऱ्यानं ते लगेच हेरलं, पण तेव्हा काही बोलला नाही.

"वाचलंस का? मॅकलरेन परत ल मान्सला उतरणार. 2027." शिऱ्यानं मोबाईल पुढं केला. ल मान्स म्हणजे फ्रान्समधली चोवीस तासांची मोटारींची रेस.

"ल माँ," अजित म्हणाला. "फ्रेंच शब्द आहे. शेवटचा एस उच्चारत नाहीत."

"बरं बाबा, ल माँ. कांदा घे, भजी गार व्हायलीत."

"येऊ देत की. 2023, 24, 25, तिन्ही वर्षं फेरारी. मॅकलरेननं जन्मात एकदा जिंकलं, 1995 ला. तेही पावसामुळं. शुद्ध फ्लूक."

बापूंनी चहाचा ग्लास खाली ठेवला. बापूंचं उद्यमनगरात लेथचं दुकान आहे. हयात लोखंड कापण्यात गेली, आणि बोलतातही तसंच, मोजून-मापून.

"पाऊस सगळ्यांवर पडला न्हवं? का 59 नंबरला छत्री दिलती काय कुणी?"

59 म्हणजे 1995 ला जिंकलेल्या त्या मॅकलरेनचा नंबर. शिऱ्याला ठसका लागला. अजित मात्र मागं हटेना. त्याच्याकडं लॅपटॉपवर सगळ्याचे तक्ते असतात. गेल्या वर्षी मिसळीतल्या कटाला त्यानं दहापैकी मार्क दिले होते. तो सुरू झाला: कोरड्या ट्रॅकवर प्रोटोटाइप, म्हणजे खास रेससाठीच बनवलेल्या गाड्या कितीतरी पुढं होत्या, पोल पोझिशनही, म्हणजे सुरुवातीची पहिली जागाही त्यांचीच होती. मोठ्या कंपन्यांचे प्रोटोटाइप त्या वर्षी फारसे आलेच नाहीत. पाऊस धो धो सतरा-एक तास चालला म्हणून मॅकलरेनचं फावलं. आणि मारियो आंद्रेट्टीची कुराज ही गाडी सुरुवातीलाच भिंतीला घासली नसती, तर...

"घासली न्हवं?" बापू म्हणाले. "चोवीस तास न घासता चालवायची, ह्योच तर त्यो पेपर हाय. नापास झाल्यावर म्हणायचं, गणित सोपं आलं असतं तर पास झालो असतो."

आंद्रेट्टी, वोलेक आणि एलारीची ती गाडी एकाच फेरीनं मागं राहिली. 298 विरुद्ध 297. मॅकलरेननं चार हजार किलोमीटर कापले, त्यातले बहुतेक ओल्यात.

इथं मला माझं बोलायचं आहे, कारण हा विषय माझ्या काळजाचा आहे. मी शाळेत असताना रद्दीच्या दुकानात एका जुन्या इंग्रजी मासिकात त्या काळपट करड्या गाडीचा फोटो पहिल्यांदा पाहिला. त्याखालचं एकच वाक्य कळलं होतं, की ही गाडी रस्त्यावर चालवण्यासाठी बनवली होती. ते अजून डोक्यातून गेलेलं नाही.

ही मॅकलरेन एफ वन घडवणाऱ्या गॉर्डन मरेला रेसची गाडी बनवायचीच नव्हती. त्याला बनवायची होती जगातली सगळ्यात चांगली रस्त्यावरची गाडी. ड्रायव्हर मधोमध, दोन माणसं त्याच्या दोन्ही बाजूंना थोडी मागं. सांगाडा कार्बन फायबरचा, आणि मागं बीएमडब्ल्यूच्या पॉल रोशनं घडवलेलं 6.1 लिटरचं व्ही-12.

"नवरा मधी, एकीकडं बायको, दुसरीकडं सासू," शिऱ्या म्हणाला. तो जुन्या गाड्या विकतो, त्याला गाडी दिसली की आधी गिऱ्हाईक दिसतं. "असली गाडी कोल्हापुरात एक दिवस टिकायची न्हाई."

"इंजिनाच्या खोलीला उष्णता लागू नये म्हणून आतून सोन्याचा वर्ख लावलाय," मी म्हणालो.

"मग गुजरीत सोनाराला विकू!"

बापूंनी त्याला हातानंच गप्प केलं. "ही गाडी सुचली कुठं ठावं हाय? 1988 ला. मॅकलरेननं फॉर्म्युला वनच्या सोळापैकी पंधरा रेस मारल्या त्या वर्षी. जी एक गेली ती इटलीतली, मोंझाची. ती हरून मिलानच्या विमानतळावर बसलीत चौघं, विमानाला उशीर झालेला. मॅकलरेनचा बॉस रॉन डेनिस, मरे आणि दोघं. बसल्या बसल्या गप्पा निघाल्या. म्हंजे कट्ट्यावरच जन्मली की गाडी. आन् तू कट्ट्याला टैमपास म्हणतोस!"

हे शेवटचं अजितला होतं. दोन वर्षांपूर्वी त्यानं आमच्या ग्रुपवर "कट्टा म्हणजे प्रॉडक्टिव्हिटी लॉस" असं लिहिलं होतं. ते कुणीही विसरलेलं नाही.

मग गाडी रेसला गेली कशी? गिऱ्हाइकांनी गळ घातली म्हणून. रे बेल्म आणि थॉमस ब्शर मागं लागले, तेव्हा कुठं मरे राजी झाला. तिची रेसची आवृत्ती, जीटीआर, बनली ती मूळ गाडीला पिंजरा, मागचा पंख आणि रेसचे ब्रेक देऊन. नियमाप्रमाणं इंजिनाच्या श्वासावर चाप लावावा लागला, त्यामुळं रेसच्या गाडीची ताकद रस्त्यावरच्या गाडीपेक्षा कमी झाली! आणि ही गाडी पहिल्याच वर्षी ल माँ जिंकते. सात आल्या होत्या, त्यांतल्या चार पहिल्या पाचांत. जिंकणाऱ्या गाडीत यानिक डाल्मास, मासानोरी सेकिया आणि जे. जे. लेह्तो. सेकिया हा ल माँ जिंकणारा पहिला जपानी. आणि लेह्तोनं रात्री, त्या पावसात, जी गाडी हाकली... आमच्या गगनबावड्याच्या घाटात जुलैच्या रात्री ज्यानं स्टिअरिंग धरलंय, त्याला ते आकडे न बघताही कळेल.

गगनबावडा म्हटल्यावर शिऱ्या उसळला. "क्लचप्लेट! माझी क्लचप्लेट!"

2011 च्या जुलैत अजितनं त्याची गाडी मागून नेली होती आणि घाटात हाफ क्लचवर धरून धरून प्लेट जाळली होती. पैसे आजतागायत बाकी.

"ती आधीच खराब होती," अजित म्हणाला.

"1995 लाच त्या हॅरॉड्सच्या पिवळ्या मॅकलरेनचंबी शेवटी शेवटी गिअर-क्लचनंच घात केला," बापू म्हणाले. "पुढं हुती, तिसरी आली. पर अँडी वॉलेस आन् त्या बेल बापलेकांनी निदान गाडी शेवटपतूर आणली. तू टेम्पोत घालून आणलीस."

पुढचा मुद्दा अजितचा होता आणि तो खरा होता. 1997 ला मॅकलरेननंही शेपूट लांबवली, सीक्वेन्शियल गिअरबॉक्स घातला आणि नियमासाठी तसल्याच लांब शेपटीची रस्त्यावरची गाडी दाखवली. "मग तुमची सचोटी कुठं गेली?"

"दुसऱ्यांनी भाग पाडलं," बापू म्हणाले. "1994 ला काय झालं? पोर्शचं 962, अस्सल रेसचं यंत्र, दहा वर्षं जुनं. डाऊअर नावाच्या माणसानं त्याला रस्त्याचे कागद करून दिले, आन् ते 'जीटी' म्हणून, म्हंजे रस्त्याच्या गाड्यांच्या गटात उतरून जिंकलं. त्यात कोण बसलेला? ह्योच डाल्मास. पुढं पोर्शचीच 911 जीटी वन आली, ती आधी रेसची, मग नावाला रस्त्याची. मर्सिडीजनं मॅकलरेनचीच जीटीआर विकत घेऊन त्यावर शिकून सीएलके बनवली. टोयोटानं तर म्हणं रिकाम्या पेट्रोलच्या टाकीत सुटकेस मावती, तीच आमची डिकी! आता रस्त्याची गाडी घेऊन रेसला गेलेला साधा कोण आन् रेसच्या गाडीला नंबरप्लेट लावणारा हुशार कोण, तूच सांग."

अजित गप्प झाला. लांब शेपटीची ती गाडीही 1997 ला ल माँत दुसरी आणि तिसरी आली, पण पहिली आली नाही. माझं प्रेम 1995 वरच थांबतं, आणि ते तसंच राहणार आहे.

तेवढ्यात शिऱ्यानं मोबाईलवर 59 नंबरचा फोटो मोठा केला. "ह्यावर लिहिलंय काय? उएनो क्लिनिक?"

"जपानमधला दवाखाना. त्यांनी पैसे लावले होते. पुरुषांच्या कॉस्मेटिक सर्जरीचा," मी सांगितलं.

शिऱ्यानं मोबाईलवरून नजर सावकाश वर नेली, अजितच्या टोपीवर. "अज्या, टोपी का रं काढंना आज?"

"सर्दी आहे."

त्याच क्षणी टपटप थेंब आले. अजित भज्यांची प्लेट टाकून असा पळाला की गाड्याच्या ताडपत्रीखाली सगळ्यात आधी तोच. दोन्ही हात टोपीवर. तिथून ओरडला, "डॉक्टरनं दहा दिवस पाणी लागू द्यायचं नाही सांगितलंय!"

क्षणभर कुणाला कळेना. मग शिऱ्या कट्ट्यावरच आडवा झाला. "केसं! केसं लावून आलाय ह्यो! क्लचप्लेटीला पैसं न्हाईत आन् केसांना हाईत!"

बापू भिजत बसूनच हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग चहावाल्याकडं वळून ओरडले,

"अरं ए, छत्री दे रं 59 नंबरला!"