सोफ्यावरच्या आघाडीसाठी काही सूचना

शेजारच्या देशाशी युद्ध सुरू झालं की प्रत्येकाच्या वाट्याला काहीतरी येतं. सैनिकाला बंदूक, सेनापतीला नकाशा, मंत्र्याला माइक. तुमच्या वाट्याला मत येतं. त्याला कमी लेखू नका. दारूगोळा संपला तर उधारीवर आणता येतो, पण 'आता पुरे' असं घराघरांतून ऐकू यायला लागलं की भल्याभल्या सरकारांची पाचावर धारण बसते. म्हणून हे मत जपायचं, दोन वेळा बातम्यांचा खुराक द्यायचा आणि उन्हापावसात बाहेर न्यायचं नाही. युद्धाच्या वार्ता रम्य असतात असं आपण म्हणतो खरं, पण मूळ वचनात 'दुरून' अशी अट आहे. तेवढं अंतर राखा. सोफा त्यासाठी उत्तम.

सगळ्यात आधी ठरवून टाका की सुरुवात त्यांनी केली. हे ठरवायला काही घडायलाच हवं असं नाही, पण घडलं तर बरं दिसतं. २६ नोव्हेंबर १९३९ रोजी फिनलंडच्या सीमेला लागून असलेल्या माइनिला या सोव्हिएत गावात तोफगोळे पडले. आपले चार सैनिक ठार झाल्याचं मॉस्कोने जाहीर केलं आणि त्याच दिवशी फिनलंडच्या राजदूताच्या हाती खलिता ठेवला : तुमचं सैन्य सीमेपासून वीस-पंचवीस किलोमीटर मागे घ्या. फिनलंडचं म्हणणं, आमच्या तोफा आधीच इतक्या मागे आहेत की तिथून गोळा पोचणारच नाही. गोळे तुमच्याच बाजूने सुटले, आणि शंका असेल तर दोघं मिळून चौकशी करू. आता तुम्हीच सांगा, ज्याचे हात स्वच्छ आहेत तो चौकशी कशाला मागेल? दोन दिवसांत सोव्हिएत संघाने अनाक्रमण करार मोडीत काढला आणि ३० तारखेला हेलसिंकीवर बॉम्ब पडले. राष्ट्रसंघाने जाब विचारला तेव्हा परराष्ट्रमंत्री मोलोतोव्ह यांनी कळवलं की आमचं फिनलंडशी युद्ध चालूच नाही. तेही एका अर्थी बरोबर होतं. सीमेजवळच्या तेरियोकी गावात त्यांनी स्वतःच एक फिनिश सरकार बसवलं होतं आणि त्या सरकारशी त्यांचे संबंध अतिशय सलोख्याचे होते.

सामान्य माणसाला यात एकच काम होतं, चिडायचं. कारखान्याकारखान्यांत सभा झाल्या आणि लोक वेळेवर चिडले. इतक्या मोठ्या देशाला इतक्या छोट्या शेजाऱ्यापासून धोका आहे हे पटायला जी मनाची तयारी लागते, ती एका रात्रीत होत नाही. तुम्ही आतापासून सराव ठेवा.

युद्धाच्या खऱ्या कारणांच्या खोलात मात्र शिरू नका. एल साल्वादोर आणि होंडुरास यांच्यात जुलै १९६९ मध्ये साधारण शंभर तासांची लढाई झाली. जग तिला आजही 'फुटबॉल युद्ध' म्हणतं. विश्वचषकाच्या पात्रता सामन्यांवरून दोन्हीकडे दंगली झाल्या आणि वर्तमानपत्रांनी आगीत तेल ओतलं, हे खरंच आहे. पण होंडुरासमध्ये पोटासाठी गेलेले सुमारे तीन लाख साल्वादोरी, जमीन सुधारणेच्या नावाखाली त्यांच्यातल्या कित्येकांच्या पायाखालून काढून घेतलेली शेतं, आणि मायदेशात मूठभर घराण्यांकडे अडकलेली जमीन, हे सगळं वाचत बसलात तर रात्र जाईल आणि पहाटे आपल्याच जमीनदाराचा राग येईल. फुटबॉलचं तसं नाही. गोल कुणी खाल्ला ते लगेच कळतं. दोन-तीन हजार माणसं गेल्याचे अंदाज आहेत. पुढच्या वर्षी विश्वचषकात एल साल्वादोरचा संघ तिन्ही सामने हरला, एकही गोल न करता.

प्रचार करायचा म्हणजे खोटं बोलावं लागतं, हा नवशिक्यांचा गैरसमज. जुलै १८७० मध्ये प्रशिया या जर्मन राज्याचे राजे विल्हेल्म बाद एम्स इथे हवापालटासाठी गेले होते. सकाळी फिरताना फ्रान्सच्या राजदूताने त्यांना गाठलं आणि स्पेनच्या गादीवर तुमच्या घराण्यातलं कुणी कधीच बसणार नाही अशी कायमची हमी मागितली. राजाने सभ्यपणे नकार दिला आणि झाला प्रकार तारेने बर्लिनला कळवला. तार आली तेव्हा प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क हा सेनापती मोल्टके आणि युद्धमंत्री रोन यांच्यासोबत जेवायला बसला होता. आनंदीबाईला 'ध'चा 'मा' करावा लागला. बिस्मार्कला तेवढीही शाई खर्चावी लागली नाही. त्याने मजकूर कापत कापत असा आणून ठेवला की जर्मनांना वाटावं आपल्या राजाचा अपमान झाला आणि फ्रेंचांना वाटावं आपल्या राजदूताचा. ती तार छापून आली, पॅरिसच्या रस्त्यांवर 'चलो बर्लिन'च्या आरोळ्या उठल्या आणि १९ जुलैला फ्रान्सने युद्ध पुकारलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला फ्रान्सचा सम्राट जर्मनांच्या कैदेत होता. ही काटछाट बिस्मार्कने म्हातारपणी आपल्या आठवणींत मोठ्या कौतुकाने सांगितली. (दोन्ही देशांतल्या जनतेला एकाच कागदावरून एकाच दिवशी भडकवणं ही काटकसर पुढे कुणाला फारशी जमलेली दिसत नाही.)

तुमच्या खिशात बिस्मार्कच्या कात्रीपेक्षा धारदार कात्री आहे. तिचा उपयोग रात्री अकरानंतर करावा, तेव्हा माणसं थकलेली आणि श्रद्धाळू असतात. काळंकुट्ट आकाश, खालून वर जाणाऱ्या हिरव्या रेघा, मध्येच एक विमान पेट घेतं आणि कॅमेऱ्यामागे कुणीतरी ओरडतं, अशी क्लिप आली की आधी पुढे पाठवा, मग बघा. बघताना खालच्या कोपऱ्यात नजर टाकू नका. तिथे कधीकधी किती गोळ्या उरल्या आहेत ते लिहिलेलं असतं. 'आर्मा ३' हा व्हिडिओ गेम बनवणाऱ्या चेक कंपनीला नोव्हेंबर २०२२ मध्ये निवेदन काढावं लागलं, की आमच्या गेममधली दृश्यं खऱ्या युद्धाची म्हणून फिरवली जात आहेत, ती कशी ओळखायची ते पाहा. ओळखून करायचंय काय? आणि लाजायचंही कारण नाही, तुमची संगत मोठ्यांची आहे. २०१७ मध्ये रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने अमेरिकेविरुद्ध 'निर्विवाद पुरावा' म्हणून चित्रं टाकली, त्यात एक चक्क मोबाइल गेममधलं निघालं. चूक एका बिगरलष्करी कर्मचाऱ्याची असल्याचं सांगण्यात आलं. असा एक कर्मचारी प्रत्येक मंत्रालयाने पदरी बाळगावा.

ज्याच्यावर हल्ला झालाय त्यालाही गोष्टी लागतात, हेही लक्षात असू द्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा पहिल्याच दिवशी सहा रशियन विमानं पाडणारा 'कीव्हचा भूत' नावाचा वैमानिक जगभर गाजला. त्याचा म्हणून फिरलेला व्हिडिओ विमान चालवण्याच्या एका गेममधला होता, आणि एप्रिलच्या अखेरीस युक्रेनच्या हवाई दलानेच सांगून टाकलं की तो जनतेने रचलेला दंतकथेतला नायक आहे. इतक्या लवकर कबुली देणं हा मात्र शिस्तभंग. निदान एक पुतळा तरी होऊ द्यायचा.

शत्रूच्या क्रौर्याबाबत हात आखडता घेऊ नका. ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन सैन्याने बेल्जियममधल्या दिनाँ गावात ६७४ नागरिक मारले. ल्युव्हेनचं विद्यापीठ ग्रंथालय जाळलं, त्यात लाखो पुस्तकं गेली. हे सगळं खरं. पण खऱ्या गोष्टीत नावं असतात, तारखा असतात, कुणीतरी खेटे घालून यादी केलेली असते. ती वाचून माणूस गप्प होतो आणि गप्प माणूस सैन्यात भरती होत नाही. म्हणून हात तोडलेल्या बाळांच्या कथा आल्या. ते बाळ कुणाला कधी भेटलं नाही, पण भेटलेल्या माणसाला भेटलेला माणूस मात्र गावोगाव भेटत होता. एप्रिल १९१७ मध्ये ब्रिटिश वर्तमानपत्रांनी छापलं की जर्मन आपल्याच मेलेल्या सैनिकांची चरबी कारखान्यात काढतात. युद्ध संपलं आणि १९२५ मध्ये ब्रिटनच्या परराष्ट्रमंत्र्यांनी संसदेत त्या गोष्टीवर पाणी सोडलं. सगळे हसले असतील. पुढे दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधून खऱ्याखुऱ्या मृत्यूच्या कारखान्यांच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा लंडन-वॉशिंग्टनच्या शहाण्या अधिकाऱ्यांना ती चरबीची गोष्ट आठवली आणि त्यांनी कागद बाजूला सरकवले. पण त्याचा विचार तुम्ही करायचा नाही. तुमची जबाबदारी चालू युद्धापुरती.

नुकसान झालंच तर? पडलो तरी नाक वर. १४ एप्रिल २०२२ ला रशियाच्या काळ्या समुद्रातल्या ताफ्याची प्रमुख युद्धनौका 'मॉस्कव्हा' बुडाली. आम्ही क्षेपणास्त्रं मारली, असं युक्रेन म्हणालं. रशियाच्या म्हणण्याप्रमाणे आग लागली, आगीने दारूगोळा उडाला आणि ओढून नेताना वादळी समुद्रात तोल गेला. थोडक्यात, शत्रूचा यात काहीही हात नाही, आमच्या नौका स्वयंपूर्ण आहेत. सगळे खलाशी सुखरूप असल्याचंही सांगितलं गेलं. आठवड्याभरात मुलांचे आईबाप चौकशा करू लागले, तेव्हा १ मृत आणि २७ बेपत्ता असा हिशेब आला. आकडा द्यावाच लागला तर नेमका द्यावा. मोलोतोव्ह यांनी मार्च १९४० मध्ये फिनलंडच्या युद्धातले मृत ४८,७४५ असल्याचं सांगितलं होतं. तो शेवटचा पाच पाहा. असा पाच ऐकल्यावर कोण शंका घेईल? पन्नासेक वर्षांनी दप्तरं उघडली तेव्हा आकडा सव्वा लाखाच्या वर निघाला, पण तोवर ऐकणाऱ्यांचीही पिढी सरली होती.

सीमेपलीकडे तुमचे नातेवाईक असतील तर जरा अवघड आहे. २०२२ च्या त्या पहिल्या आठवड्यांत कीव्ह आणि खार्किव्हमधली मुलं तळघरांतून रशियातल्या आईवडिलांना फोन करत होती. बाबा, आमच्यावर बॉम्ब पडताहेत. पलीकडून बाबा समजावत होते : नाही रे, फक्त लष्करी ठिकाणांवर मारा चाललाय, नागरिकांना कुणी हात लावत नाही, आमचे सैनिक तुम्हाला सोडवायला आलेत. मुलगा म्हणतो, मी खिडकीतून बघतोय. बाबा म्हणतात, मी टीव्हीवर बघतोय. फोन मुलाने ठेवला की बाबांनी, याला महत्त्व नाही. त्या बाबांकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. त्यांना कुणी धमकावलं नव्हतं, पैसे दिले नव्हते. मुलावर त्यांची माया होतीच. तरी पोटच्या पोराच्या आवाजापुढे ते आपल्या मतावरून तसूभर हलले नाहीत. सरकार फार तर बातमी पुरवतं. ती घरात आणून पोराच्या तोंडावर ठेवायचं काम असं कुणीतरी स्वखुशीने करावं लागतं.

एवढं करूनही शेजारीपाजारी कुणी प्रश्न विचारणारा उरलाच, तर त्याला 'तुम्ही नेमके कुणाच्या बाजूचे?' असं विचारा. उत्तराची वाट पाहायची नसते. ४ मार्च २०२२ ला रशियाने कायदा केला, सैन्याबद्दल 'खोटी माहिती' पसरवली तर पंधरा वर्षांपर्यंत कैद. मग निझनी नोव्हगोरोदमध्ये एक बाई चौकात कोरा कागद धरून उभी राहिली. पोलिसांनी तिला नेलं. पोलिसांना हसू नका. त्यावर काय लिहिलेलं नाही ते त्यांना अचूक वाचता आलं. त्याच सुमारास जनमत चाचण्या सैन्याच्या कारवाईला ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाठिंबा दाखवत होत्या. कुणीतरी अनोळखी माणूस विचारतो, युद्धाला तुमचा पाठिंबा आहे का, आणि तुमच्या डोळ्यांसमोर पंधरा हा आकडा असतो. अशा वेळी उरलेल्या वीस टक्क्यांचा बेशिस्तपणा थक्क करणारा आहे.

शेवटी विजय. तो दोघांनाही मिळतो, काळजी नसावी. सप्टेंबर १९८० मध्ये सद्दाम हुसेन यांनी इराणशी १९७५ साली केलेला सीमाकरार टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर फाडला आणि सैन्य आत घुसवलं. आठ वर्षं लढाई चालली, दोन्हीकडची लाखो माणसं कामी आली आणि सीमा जवळजवळ होती तिथेच राहिली. इराणने आपण जिंकल्याचं सांगितलं, इराकनेही. १९८९ मध्ये बगदादमध्ये विजयाची कमान उभी राहिली. दोन अजस्र हातांत दोन तलवारी, हात सद्दाम यांच्याच हातांवरून घडवलेले, आणि पायथ्याशी मेलेल्या इराणी सैनिकांची शिरस्त्राणं ओतलेली. बऱ्याच शिरस्त्राणांना गोळीची भोकं होती. वर्षभरात, ऑगस्ट १९९० मध्ये, कुवेत गिळून बसलेल्या सद्दाम यांना इराणची शांतता हवीशी झाली आणि त्यांनी तोच फाडलेला करार पुन्हा मान्य केला. कमान तशीच राहिली.

असा दिवस तुमच्याकडेही येईल. कालचा नराधम आज शेजारधर्म पाळणारा मित्र होईल, दोन्ही नेते हात मिळवतील आणि तुम्हाला टाळ्या वाजवाव्या लागतील. तेव्हा फोनमधल्या जुन्या क्लिपा आदल्या रात्रीच उडवून टाका. कुणी विचारलंच, तर आपण पहिल्यापासून चर्चेच्याच बाजूचे होतो. आणि त्या प्रश्न विचारणाऱ्या शेजाऱ्याला माफ वगैरे करायची गरज नाही. तो तेव्हा जरा घाई करत होता, एवढंच म्हणा.