गिरगाव भाड्याचं होतं, म्हणून मराठी होतं

गिरगावात मराठी माणूस उरला नाही ही ओरड आता इतकी जुनी झाली आहे की ती करणाऱ्यांतले निम्मे लोक डोंबिवली-बदलापूरला राहायला जाऊन तिथेच निवृत्तही झाले. सध्या तिला दोन नवी निमित्तं मिळाली आहेत. मेट्रो ३ च्या गिरगाव आणि काळबादेवी स्थानकांसाठी जुन्या इमारती गेल्या, आणि नव्या टॉवरांत मराठी माणसांसाठी घरं राखून ठेवा अशी मागणी अधूनमधून जोर धरते. आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यावरून रोज जुंपते. मामा म्हणतो, बाहेरच्यांनी गिळलं. त्याचा मुलगा म्हणतो, पागडीच्या (एकरकमी पैसे देऊन कायमच्या भाड्याने घेतलेल्या) खोल्या विकल्या कुणी, तुम्हीच ना? मी हे सगळं वाचते ती बर्लिनमधल्या क्रॉइत्सबेर्गमध्ये बसून. इथे हेच भांडण जर्मन आणि तुर्की, दोन्ही भाषांत चालू असतं.

चाळीत वाढलेल्या माणसाला क्रॉइत्सबेर्गची ओळख पटायला वेळ लागत नाही. १८६२ च्या होब्रेख्ट आराखड्याने रुंद रस्ते आखून दिले आणि मधल्या जागेत मालकांनी भाड्याच्या इमारती ठासून भरल्या. रस्त्याला तोंड करून नक्षीदार पुढची इमारत, मागे चौक, चौकापलीकडे दुसरी इमारत, कधी तिच्याही मागे तिसरी. चौक केवढा असावा? १८५३ च्या नियमाप्रमाणे किमान ५.३४ मीटर लांब आणि तेवढाच रुंद, कारण आगीचा बंब आत वळला पाहिजे. उजेडाचा विचार कुणी केला नव्हता. पुढे पैसेवाले, मागे कामगार, चौकात कारखाने, संडास जिन्याच्या मधल्या टप्प्यावर आणि सामाईक. आमच्याकडे निदान गॅलरी होती.

१९६१ च्या ऑगस्टमध्ये भिंत उभी राहिली आणि क्रॉइत्सबेर्गचा पूर्वेकडचा भाग तीन बाजूंनी कोंडला गेला. जुन्या टपाल क्रमांकावरून त्याला लोक अजून ‘एसओ ३६’ म्हणतात. त्याच वर्षी ऑक्टोबरात पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगार भरतीचा करार केला. शहराच्या नियोजनकारांना इथल्या ओरानियनप्लात्झ या चौकावरून मोटाररस्ता न्यायचा होता. घरं पाडायचीच आहेत, मग दुरुस्ती कशाला? असल्या पडायला आलेल्या घरांत तुर्की कामगारांना तात्पुरतं म्हणून राहू दिलं. पाठोपाठ विद्यार्थी आले, आणि लष्करातली सक्तीची भरती पश्चिम बर्लिनच्या रहिवाशांना लागू नव्हती म्हणून ती चुकवणारे तरुणही आले. आज पर्यटक ज्याची छायाचित्रं काढतात ते ‘रंगीबेरंगी’ क्रॉइत्सबेर्ग कुणी ठरवून घडवलेलं नाही. भाडं परवडत होतं, म्हणून माणसं आली.

पाडापाडी सुरू झाली होतीच. कोटबुसर टोअर या इथल्याच दुसऱ्या चौकात १९७४ मध्ये एक अजस्र काँक्रीटची अर्धगोल इमारत उभी राहिली, ती अजून आहे. पण १९८०-८१ मध्ये तरुणांनी रिकामी घरं ताब्यात घ्यायचा सपाटा लावला. एका वेळी पश्चिम बर्लिनमध्ये दीडशेहून जास्त इमारती अशा व्यापलेल्या होत्या, आणि त्यांतल्या कितीतरी याच भागात. शेवटी शहराला नमतं घ्यावं लागलं. हार्ट-वाल्टहेर हेमर नावाच्या वास्तुविशारदाने बारा तत्त्वं मांडली. त्यातलं पहिलंच असं: नूतनीकरण तिथे आज राहणाऱ्यांबरोबर बसून ठरवायचं आणि इमारत राखून करायचं. स्वयंपाकघर, न्हाणीघर, गरम पाणी एकेक करून आत आणायचं, एकदम उचकटायचं नाही.

इथवर वाचून मामा म्हणेल, बघा, जर्मन लोक कसे शहाणे! थांब मामा.

१९८९ मध्ये भिंत पडली आणि शहराच्या टोकाला असलेला हा भाग एकाएकी मध्यावर आला. इतक्या निगुतीने राखलेल्या इमारती आता सगळ्यांनाच हव्या होत्या. पण आत राहणारे पूर्वीही भाडेकरू होते आणि आताही भाडेकरूच. २०१२ मध्ये कोटबुसर टोअरच्या रहिवाशांनी, ज्यांत तुर्की कुटुंबं पुष्कळ होती, सरकारी अनुदानाच्या घरांची भाडी वाढली म्हणून चौकातच लाकडी झोपडी बांधून आंदोलन मांडलं. २०२० मध्ये बर्लिनने भाडी गोठवली. २०२१ च्या एप्रिलमध्ये जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने तो कायदाच रद्द केला, कारण तो करण्याचा अधिकार राज्याला, म्हणजे बर्लिनला, नव्हता. त्याच वर्षी सप्टेंबरच्या सार्वमतात, तीन हजारांहून जास्त घरं असलेल्या कंपन्यांची घरं समाजाच्या मालकीची करा, या बाजूने वैध मतांपैकी सुमारे ५९ टक्के मतं पडली. ते सरकारवर बंधनकारक नव्हतं. आणि भाडी वाढवणाऱ्यांत माझ्यासारखे बाहेरून आलेले आयटीवालेही आहेत. इथल्या ग्रुपवरच्या मामांच्या लेखी ‘बाहेरची’ मी.

म्हणजे बर्लिनने इमारती वाचवल्या आणि माणसं घालवली. मुंबईने उलटं केलं. चाळीतल्या भाडेकरूला टॉवरमध्ये फुकट आणि स्वतःच्या मालकीचं घर मिळतं, हे माझ्या शेजारच्या तुर्की आजोबांना सांगितलं तर ते मला थापाडी म्हणतील. वरळीच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागी ५०० फुटांचं घर मिळालं, पहिल्या चाव्या २०२५ च्या ऑगस्टमध्ये वाटल्या गेल्या. या घरांना नाकं मुरडणाऱ्या परदेशस्थ चाळप्रेमींचा मला राग येतो. रात्री दोन वाजता गॅलरीच्या टोकाला संडासला जायचं तुमच्या आईला होतं, तुम्हाला नव्हे.

पण मालकी मिळाली म्हणजे वस्ती टिकली असं होत नाही. बिल्डरने देखभालीसाठी दिलेल्या ठेवीचं, म्हणजे कॉर्पस फंडाचं, व्याज मेंटेनन्सला पुरेनासं होतं, मुलगा ठाण्यात असतो, दलाल कोटींचा आकडा सांगतो. घर विकलं जातं. यात पाप काही नाही. आयुष्यभर कारकुनी केलेल्याने चार पैसे का मिळवू नयेत? फक्त त्या जागी दुसरा कारकून येऊ शकत नाही, एवढंच.

ग्रुपवर नेमकं हेच कुणी बोलत नाही. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ मध्ये सार्वजनिक गणपती बसला, तो तिथे घरमालक मराठी होते म्हणून नव्हे. रत्नागिरीहून बोटीने आलेल्या पोराला पहिल्याच पगारात खोलीचा एक कोपरा आणि खाणावळीची थाळी परवडत होती म्हणून. मग १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधून टाकली. आत होते ते सुखावले. मालकांनी दुरुस्ती सोडली, भाड्यासाठी नवं बांधणंही सोडलं, आणि खोली पागडीशिवाय मिळेना. १९६९ मध्ये सरकारला उपकर बसवून दुरुस्ती मंडळ काढावं लागलं. गिरगावचं दार तेव्हाच बंद झालं होतं, टॉवर यायच्या कितीतरी आधी.

म्हणून घरांच्या आरक्षणाची मागणी मला पोकळ वाटते. राखून ठेवलेलं घर मराठी माणसालाच विकायचं, ठीक. पण गिरगावच्या भावात ते घेणारा मराठी माणूस कोण असेल? ज्याच्याकडे तेवढे पैसे आहेत तो आजही घेऊच शकतो. पुनर्विकासात बिल्डरला जो जादा एफएसआय (जास्त बांधकामाची परवानगी) मिळतो त्यातला हिस्सा म्हाडाने, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाने, किंवा पालिकेने कायमच्या भाड्याच्या घरांसाठी मागून घ्यावा, विकायची मुभा न ठेवता. बीडीडी चाळी तरी काय होत्या? १९२० च्या दशकात सरकारने बांधलेल्या भाड्याच्या खोल्याच ना!

असा प्रयोग आपल्याकडे झालाच नाही असं नाही. २००८ मध्ये एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना काढली होती. पुढे ती बदलली, आणि तयार घरांपैकी बरीचशी गिरणी कामगारांना आणि इतर कारणांसाठी देऊन टाकली. ती बांधली होती पनवेल आणि ठाण्याच्या बाजूला. गिरगावातल्या मुगभाटात किंवा ठाकूरद्वारला अशी चार मजल्यांची एक इमारत बांधावी, हे अजून कुठल्याच पक्षाच्या जाहीरनाम्यात माझ्या वाचनात आलेलं नाही.