पंखांवरच्या मुंग्या नेमक्या कोणाला दिसतात?

एका माशीच्या पंखांवर निसर्गाने हुबेहूब मुंग्या रेखाटल्या आहेत, शत्रू आला की ती पंख हलवते, मुंग्या चालू लागतात आणि तो घाबरून पळतो, असा मजकूर 'नुकताच लागलेला शोध' म्हणून वर्षानुवर्षं फोटोसह फिरतो आहे. ही माशी म्हणजे गोनियुरेलिया ट्रायडेन्स. माशी खरी आहे, पंखांवरची नक्षीही खरी. त्याखालची गोष्ट मात्र जशीच्या तशी गळी उतरत नाही.

आधी 'हुबेहूब मुंग्या'. नीट पाहिलं तर पारदर्शक पंखावर एक गडद डाग आणि त्याला फुटलेले बारीक फाटे, एवढंच दिसतं. हेच फाटे आपण पाय आणि मिशा म्हणून मोजतो. याच कुळातल्या ट्रुपानिया माशांच्या पंखांच्या टोकाला असाच फाटे फुटलेला डाग असतो. तो चांदणीसारखा दिसतो, म्हणून तिथे कुणी मुंगी शोधत नाही. त्यात माशी जेमतेम काही मिलिमीटरची आणि फोटो कितीतरी पट मोठा केलेला.

'शत्रू पळतो' हा खरा कळीचा दावा. फोटोत शत्रू कुठेच नसतो! कोण पळतं हे प्रयोग करूनच कळतं, आणि याच कुळातल्या झोनोसिमाटा माशीवर तसा सुंदर प्रयोग झाला आहे. १९८७ साली संशोधकांनी तिचे पट्टेदार पंख कापून घरमाशीला चिकटवले आणि घरमाशीचे तिला. उड्या मारणारे कोळी या दोन्ही माशांना फसले नाहीत. तिचेच पंख कापून तिलाच परत चिकटवले, तेव्हा मात्र तिने ते हलवताच कोळी मागे हटले. म्हणजे नक्षी हवी आणि हालचालही हवी. दोन्हींतलं एक असून भागत नाही. तिथेही भास मुंगीचा नव्हता, समोर दुसरा कोळी पाय हलवत उभा असल्याचा होता. प्रार्थनाकीटक, सरडे यांच्यावर तर या सोंगाचा काहीच परिणाम झाला नाही. 'शत्रू' असा सरसकट शब्द वापरून चालत नाही, तो याचसाठी.

शिवाय या कुळातल्या माशा पंख हलवतात त्या जोडीदारासमोर आणि प्रतिस्पर्ध्यासमोरही. पंख हलले म्हणजे कुणाला तरी घाबरवलंच, असं होत नाही.

'नुकताच लागलेला शोध' हेही चूक. कीटकशास्त्रज्ञ हेंडेल यांनी या प्रजातीचं वर्णन १९१० सालीच केलं होतं.

मुंग्यांचा दावा सिद्ध करायचा तर ती नक्षी झाकून माशी भक्षकासमोर सोडावी लागेल आणि तो तिच्यावर झडप घालतो का, ते पाहावं लागेल.