जूनचा हट्ट कशाला?
जागतिक जगलिंग (एकाच वेळी अनेक चेंडू उडवत झेलण्याचा खेळ) दिन जूनमध्ये येतो म्हणून जगलिंगचा मेळावा तेव्हाच शिवाजी पार्कात भरवा, असं एका लेखात म्हटलंय. मुंबईच्या पावसात? चिखलात पडलेला चेंडू पुढच्या फेकीला हातातून सटकणारच. जानेवारी धरा, बॅडमिंटनचा हॉल घ्या. लग्नाचा हॉल स्वस्तात मिळाला तरी नको: पंखे खाली लोंबतात, आणि पाच चेंडू उडवायलाच डोक्यावर बरीच मोकळी जागा लागते. दिवे नेमके वर असले तर चेंडू शिखरावर दिसेनासा होतो. बाजूचे दिवे लावा. नवशिक्यांसाठी फुग्यात १२० ग्रॅम बाजरी भरून चेंडू करा (सहा महिन्यांत पोरकिडे होतात, तेव्हा जुने आणू नका). तारीख रविवारची असेल तर लोकलचा मेगाब्लॉक आधी बघा.