भरती, ओहोटी आणि लीद

मुंबईहून आलेला प्रत्येक पाहुणा अंगणातली घोडी बघतो, ओट्यावरचा कुत्रा बघतो, समुद्राकडे तोंड करून छातीभर वारा घेतो आणि म्हणतो, "मजा आहे बुवा तुमची!" त्या वेळी माझ्या हातात लिदीचं घमेलं असतं आणि मनगटावर एक गोचीड जागा शोधत असतो. मी "हो ना" म्हणतो आणि उकिरड्याकडे चालू लागतो.

अलिबागहून नागावला जाताना आमची वाडी लागते. घोडी ही माझी हौस नव्हे. अलिबागच्या किनाऱ्यावर ओळखीच्या एका काकांची घोडागाडी होती. ओहोटीला माणसं कुलाबा किल्ल्यात न्यायची आणि पाणी चढायच्या आत परत आणायची, यात त्यांचा जन्म गेला. गुडघे गेले तेव्हा त्यांनी गाडी विकली आणि "तुमच्याकडे जागा आहे" एवढ्याच कारणावरून घोडी आमच्या माडाला बांधून गेले. तिचं नाव बिजली. आमच्याकडच्या पावसाळ्यातल्या विजेइतकीच ती भरवशाची आहे.

कुत्रा स्वतःच्या पायांनी आला. आईने त्याला बघून हात जोडले. "अरे, आधी घोडा आला, मागून कुत्रा आला. खंडोबाच आलाय दारात. आता यातल्या एकाला तरी हाकललंस तर बघ!" कुलदैवताचा विषय निघाला की आमच्या घरात चर्चा संपते. कुत्र्याचं नाव खंड्या पडलं. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा घास आधी त्याला, मग बिजलीला, मग मला.

घरात घड्याळ आहे, पण चालतं ते पंचांग. बिजलीला रोज तासभर फिरवावं लागतं. कोरड्या पुळणीत तिचे पाय रुततात आणि घट्ट ओली पुळण मिळते ती ओहोटीला. आमच्याकडचं गणित सोपं आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, त्यात सहा मिळवले की ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला ओहोटी पहाटे सहाला, म्हणजे माणसात बसणारी. मग ती रोज पाऊण तास पुढे सरकते. चतुर्थीला नऊ. अष्टमीला भर दुपारी बारा. "साहेब, उद्या पंचमी आहे, जरा उशीर होईल," असं सांगणारा आमच्या बँकेत मी एकटाच. साहेब मला फार धार्मिक समजतात. संकष्टीला माझ्यासाठी आठवणीने साबुदाण्याची खिचडी मागवतात.

फिरवून आणलं की खरारा. हा भाग मला मनापासून आवडतो, हे बायकोला सांगू नका. मानेपासून पाठीवर हात आला की बिजली खालचा ओठ लोंबता सोडते, डोळे अर्धे मिटते आणि हळूहळू सगळा भार माझ्यावर टाकते. तिचं वजन साडेतीनशे किलोच्या आसपास असावं. हे प्रेम खांद्यावर पेलावं लागतं.

दीड-दोन महिन्यांनी नालबंद येतो. त्या दिवशी खंड्याची दिवाळी. खुराची तासलेली चकती जमिनीवर पडायच्या आत तो पळवतो आणि पोफळीच्या बुंध्याशी बसून पापडासारखी कुरकुर खातो. जुन्या नालेसाठी शेजारी टपलेलेच असतात.

"भाऊ, दाराला लावायला काळ्या घोड्याची नाल लागते."

"अहो, पण आमची घोडी तांबडी आहे."

"चालेल. आम्ही रंग देऊ."

नालेला की शनीला, हे मी विचारलं नाही.

लीद मात्र कुणी टपून नेत नाही. घोडं दिवसाला पंधरा-वीस किलो लीद टाकतं. पहिल्या महिन्यात सगळ्यांनी आपापल्या वाडीसाठी नेली, दुसऱ्या महिन्यात मी येताना दिसलो की दारं लागू लागली. मला त्या लिदीचा इतका वीट आला होता, आणि तीच एका रात्री पडेना.

शिमगा तोंडावर आला होता, फाल्गुनातली द्वादशी. संध्याकाळी कंटाळा केला आणि गवत टोपलीत न घालता तसंच पुळणीवर टाकलं. गवताबरोबर वाळूही पोटात जाते हे काकांनी दहा वेळा बजावलं होतं. रात्री अकराला बिजली पुढच्या पायाने जमीन उकरू लागली, वळून वळून स्वतःच्या कुशीकडे बघू लागली. अंगाला घाम. घोड्याला ओकता येत नाही, जे काही व्हायचं ते मागूनच. डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं, पोटाला कान लावला आणि म्हणाले, "लोळू देऊ नका. फिरवत राहा. लीद पडली की फोन करा."

भाकरी का करपली, घोडा का अडला, पानं का सडली? न फिरवल्याने. लहानपणी हे कोडं घातल्याबद्दल आजोबांचा मला फार राग आला.

अंगणात फिरवलं, वाडीत फिरवलं. तीन वाजता ओहोटी होती, म्हणून पुळणीवर उतरलो. पुढे कंदील घेऊन बायको, मग मी, मग बिजली. मागे शेपटीवर नजर ठेवून खंड्या. कुर्ल्या बाजूला सरत होत्या. चंद्र पाण्याला टेकायला आला होता. घोडं उभ्याने डुलकी काढतं हे माहीत होतं, मी त्या रात्री चालताना काढली.

"अहो, थांबली ती!" बायको कुजबुजली.

बिजलीने शेपूट उचललं. आम्ही तिघांनी श्वास धरला. आणि थप, थप, थप.

आजवर बढती झाली, मुलगी पहिली आली, कर्ज फिटलं. पण इतका आनंद कधी झाला नव्हता. बायकोने कंदील खाली धरून तपासणी केली. "वाळू आहे हो त्यात!" म्हणताना तिचा गळा दाटून आला. मी डॉक्टरांना फोन लावायचा सोडून तोंडावर हात मारला आणि समुद्राकडे बघून जोरदार बोंब ठोकली. खंड्यानेही सूर लावला.

वरच्या आळीत दोन घरांत दिवे लागले. कुणीतरी खिडकीतून ओरडलं, "अरे, होळीला अजून तीन दिवस आहेत रे!"