अमेरिकेपेक्षा आपण पुढे, असं म्हणण्याआधी

२४ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताला घटनात्मक हक्क मानणारा ‘रो विरुद्ध वेड’ हा १९७३चा निकाल मोडीत काढला. तेव्हापासून एक मजकूर मराठी गटांमध्ये फिरतो आहे. तिकडे निवडणूक आली किंवा एखाद्या राज्यात नवी बंदी आली की तो पुन्हा वर येतो. त्यातलं सांगणं थोडक्यात असं: अमेरिकेने बायकांचा हक्क हिसकावला, भारताने मात्र तो १९७१ सालीच, कोणी न मागता देऊन टाकला. आपल्याकडे बाईने ठरवलं की गर्भपात होतो आणि कोर्टंही तिच्याच बाजूची आहेत. आपला खरा प्रश्न स्त्रीभ्रूणहत्येचा आहे, तेव्हा गर्भपातावर जितका कडक पहारा तितका बरा. आणि जगभर युद्धं पेटलेली असताना हे विषय उकरून काढण्याची ही वेळ नव्हे.

हा मजकूर पुढे पाठवणारे बहुतेक जण मुलींच्या भल्याचा विचार करणारे आहेत. म्हणूनच त्यांना मुद्देसूद उत्तर द्यावंसं वाटतं.

त्यातलं जे खरं आहे ते आधी. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत आज गर्भपात जवळजवळ बंद आहे, आणि तिथल्यापेक्षा भारतातल्या बाईला कायद्याने कितीतरी जास्त मोकळीक आहे. नवऱ्याची परवानगी आपला कायदा मागत नाही. हे मोलाचं आहे, आणि ते कमी लेखण्याचं कारण नाही.

आता पहिला दावा: बाईने ठरवलं की झालं.

१८६०च्या दंड संहितेत कलम ३१२ने गर्भपात गुन्हा ठरवला होता. १ जुलै २०२४ला दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, आणि ते कलम जवळपास तसंच्या तसं कलम ८८ म्हणून तिच्यात आलं. तीन वर्षांपर्यंत कैद, गर्भाची हालचाल जाणवू लागल्यानंतर सात वर्षांपर्यंत. स्वतःचा गर्भ स्वतः पाडणारी बाईसुद्धा त्यात गुन्हेगार ठरते. गुलामीच्या खुणा पुसण्यासाठी म्हणून आणलेल्या कायद्यात व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं हे कलम टिकलं, याची चर्चाही फारशी झाली नाही.

१९७१चा वैद्यकीय गर्भपात कायदा हा या गुन्ह्याला काढलेला अपवाद आहे, आणि त्याने संरक्षण दिलं आहे ते डॉक्टरला. ‘मला आत्ता मूल नको’ एवढं कारण त्या कायद्यात कुठेच पुरत नाही. गर्भ राहिला तर तिच्या जिवाला धोका आहे, किंवा तिच्या शारीरिक वा मानसिक आरोग्याला गंभीर इजा होईल, किंवा बाळात गंभीर व्यंग असेल, असं मत डॉक्टरने नोंदवावं लागतं. बलात्कार झाला असेल किंवा गर्भनिरोधक फसलं असेल, तर मानसिक इजा झाली असं गृहीत धरतात. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीस आठवड्यांत दोघांचं लागतं, आणि तेही नियमांत नोंदलेल्या ठरावीक गटांतल्या बायकांसाठीच. चोवीसच्या पुढे बाळात मोठं व्यंग असेल तरच, तेही वैद्यकीय मंडळाने मान्य केल्यावर. जीव वाचवण्यासाठी तातडीने करावा लागणारा गर्भपात तेवढा या हिशेबाबाहेर.

डॉक्टर समजूतदार असेल तर हे सगळं सुरळीत पार पडतं, आणि असे डॉक्टर आपल्याकडे पुष्कळ आहेत. पण ज्या गोष्टीसाठी समोरच्याचा समजूतदारपणा लागतो, तिला मी हक्क म्हणणार नाही. सज्ञान बाईची एकटीची संमती पुरते असं कायदा सांगतो, तरी ‘मिस्टरांची सही घेऊन या’ हे वाक्य कित्येक दवाखान्यांत सर्रास ऐकू येतं. मुलगी अठराच्या आतली असेल तर पालकाची संमती हवी, शिवाय मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२च्या पॉक्सो कायद्याखाली डॉक्टरने पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे. पोलिसांच्या भीतीने सतरा वर्षांची मुलगी दवाखान्याची पायरी चढत नाही आणि दिवस भरत जातात. मुलीचं नाव उघड करण्याची सक्ती डॉक्टरवर नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये सांगितलं, पण ते गावच्या दवाखान्यापर्यंत पोचायला हवं.

तुलनाच करायची तर अमेरिका कशाला, शेजारचा नेपाळ बघा. तिथे बारा आठवड्यांपर्यंत बाईची इच्छा एवढंच पुरतं. २०१८च्या कायद्यात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे.

कोणी न मागता मिळालं, हा दावा मला सर्वांत जास्त खुपतो, कारण तो आपल्याच माणसांना पुसून टाकतो.

रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. या विचारांपायी त्यांची विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी गेली. १९२७पासून मरेपर्यंत त्यांनी याच विषयांवर मासिक चालवलं आणि अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. त्यातल्या एका खटल्यात, १९३४ साली, त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पुढे नोव्हेंबर १९३८मध्ये आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या साधनांचा प्रसार सरकारने करावा असा ठराव आला. तो फेटाळला गेला. मागणं झालं होतं, भर सभागृहात झालं होतं, आणि ऐकून घेतलं गेलं नव्हतं.

मग १९७१ साली दार का उघडलं? महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली १९६४मध्ये समिती नेमली गेली, १९६६च्या अखेरीस तिचा अहवाल आला. चोरून होणाऱ्या गर्भपातांत बायका मरत होत्या, ही काळजी त्यात खरी होती. पण लोकसंख्येची धास्तीही त्या काळात सगळीकडे होती, आणि कायद्याच्या वाटेवर ती सोबत चालत होती. म्हणून तर १९७१च्या मूळ मजकुरात गर्भनिरोधक फसल्याची सवलत फक्त विवाहितेला होती. ‘विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा’च्या जागी ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ यायला २०२१ उजाडावं लागलं. दरम्यान आणीबाणीत, १९७६ साली, सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर करणारं विधिमंडळ आपलं महाराष्ट्राचंच होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते बारगळलं. १२ सप्टेंबर २००१नंतर तिसरं मूल झालेल्याला पंचायतीच्या निवडणुकीत अपात्र ठरवणारा नियमही इथलाच.

आणि आता वारं फिरतं आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये चंद्राबाबू नायडूंनी जास्त मुलं होऊ द्या म्हटलं, डिसेंबरमध्ये नागपुरात मोहन भागवतांनी जननदर (एका बाईमागे सरासरी मुलं) २.१च्या खाली जाता कामा नये, म्हणून दोनाऐवजी तीन मुलं हवीत असं सांगितलं. काल कमी हवी होती, आज जास्त हवी आहेत. कुटुंब नियोजनाचा भार कोणाच्या अंगावर आहे ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत दिसतं: विवाहित जोडप्यांत स्त्रीची नसबंदी झालेली ३७.९ टक्के, पुरुषाची ०.३ टक्के.

कोर्टं तिच्याच बाजूची आहेत. कधी कधी, हो. २९ सप्टेंबर २०२२चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मनापासून स्वागत करावा असाच होता. अविवाहितेला वीस ते चोवीस आठवड्यांच्या सवलतीतून वगळता येणार नाही, आणि या कायद्यापुरता नवऱ्याने केलेला बलात्कारही बलात्कारच धरायचा, असं त्यात म्हटलं आहे. (न्याय संहितेच्या कलम ६३मध्ये मात्र नवऱ्याला दिलेली सूट कायम आहे.)

बरोबर वर्षभराने काय झालं तेही पाहा. दोन मुलांची आई, बाळंतपणानंतरच्या मानसिक आजारावर औषधं घेणारी. अंगावर पाजत असल्यामुळे पाळी बंद होती, त्यामुळे दिवस गेल्याचं उशिरा कळलं. ९ ऑक्टोबर २०२३ला दोन न्यायमूर्तींनी परवानगी दिली. मग गर्भ जगू शकेल असं एम्सच्या डॉक्टरने कळवलं, सरकारने फेरविचार मागितला, दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले आणि १६ ऑक्टोबरला सरन्यायाधीशांच्या पीठाने परवानगी नाकारली. गर्भ सव्वीस आठवड्यांचा होता. आपल्या आजाराबद्दल आणि घरच्या परिस्थितीबद्दल ती स्वतः काय सांगत होती, त्याला शेवटी वजन उरलं नाही. २००८मध्ये मुंबईच्या एका दांपत्याने बाळाच्या हृदयात गंभीर दोष आढळल्यावर उच्च न्यायालयात धाव घेतली होती, तेव्हाही सव्विसाव्या आठवड्यातच नकार आला. काही दिवसांत तिचा गर्भ आपोआप पडला. त्या प्रकरणानंतर मर्यादा वाढवण्याची जी चर्चा सुरू झाली, ती कायद्यात उतरायला तेरा वर्षं लागली.

अमेरिकेचं म्हणाल, तर २०२२नंतर तिथल्या मतदारांनी काय केलं हेही त्या मजकुरात नसतं. कॅन्ससने ऑगस्ट २०२२मध्ये, ओहायोने २०२३मध्ये गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने कौल दिला. नोव्हेंबर २०२४मध्ये ट्रम्प यांना निवडून देणाऱ्या मिसूरी, मोंटाना आणि ॲरिझोनानेही तोच दिला.

आपला खरा प्रश्न स्त्रीभ्रूणहत्येचा. प्रश्न खरा आहे, आणि महाराष्ट्राला त्याची लाज वाटायलाच हवी. २०११च्या जनगणनेत शून्य ते सहा वयात हजार मुलग्यांमागे मुली राज्यात ८९४, बीड जिल्ह्यात ८०७. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदाही महाराष्ट्रानेच १९८८ साली केला, तो मुंबईच्या स्त्रीवादी कार्यकर्त्यांनी रेटा लावला म्हणून. पण त्या कायद्याचं बोट निदानावर आहे, सोनोग्राफी यंत्रावर आणि ते चालवणाऱ्यावर आहे.

बीड जिल्ह्यातल्या परळीत एका डॉक्टर दांपत्याचं बेकायदा गर्भलिंगनिदान आणि गर्भपाताचं प्रकरण २०१२मध्ये उघडकीला आल्यावर रोख गोळ्यांकडे वळला. औषध दुकानांवर छापे पडले, नोटिसा गेल्या, आणि कटकट नको म्हणून दुकानदारांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच सोडलं. या गोळ्यांना देशात २००२पासून मान्यता आहे आणि त्या नऊ आठवड्यांपर्यंत घ्यायच्या असतात. सोनोग्राफीवर लिंग कळतं ते साधारण बाराव्या आठवड्याच्या पुढे. म्हणजे ज्या काळात मुलगा की मुलगी हे कळतच नाही, त्या काळातलं सर्वांत सुरक्षित साधन आपण दुर्मीळ केलं. लॅन्सेट ग्लोबल हेल्थमधल्या अभ्यासाच्या अंदाजाने २०१५ साली भारतात १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले, त्यांतले ७३ टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन. गोळी इथे मिळाली नाही तर बाई ती दुसऱ्या गावाहून, कोणाकडून तरी, माहितीशिवाय आणते.

बीडचंच नाव निघालं म्हणून आणखी एक. २०१९मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी आली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची, आणि कामाला एक दिवस खाडा पडला तरी पैसे कापले जातात. फडात ना संडास, ना पाणी. पाळीचा त्रास आणि पोटदुखी घेऊन दवाखान्यात गेलेल्या तिशीतल्या बाईला ‘पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ असं सांगितलं जात होतं. इथे गर्भपाताचा संबंध नाही, पण प्रश्न तोच: तिच्या शरीराबद्दलचा निर्णय मुकादमाच्या हिशेबातून आणि दवाखान्याच्या बिलातून झाला. पहारा वाढवून हिचं काय भलं होणार होतं?

युद्धाच्या काळात हे विषय नकोत. आपला कायदा झाला त्याच १९७१ साली शेजारी बांगलादेशात काय झालं ते आठवा. पाकिस्तानी सैन्याने आणि त्याच्या साथीदारांनी केलेल्या बलात्कारांतून हजारो बायका गरोदर राहिल्या. शेख मुजीबुर रहमान यांनी त्यांना ‘वीरांगना’ म्हटलं, नव्या सरकारने १९७२मध्ये त्यांच्यापुरती गर्भपाताला मोकळीक दिली, बाहेरून डॉक्टर आले. कलम तिथेही तेच, १८६०चं ३१२. मोकळीक सरली, कलम राहिलं.

२०२२मध्ये युक्रेनमधून लाखो बायका पोलंडमध्ये आल्या. तिथे २०२०च्या न्यायनिर्णयानंतर गर्भपात जवळपास बंद झालेला. बलात्काराचा अपवाद होता, पण त्यासाठी सरकारी वकिलाचं प्रमाणपत्र लागे. युद्धातून पळून आलेल्या बाईने ते परक्या भाषेत, परक्या देशात मिळवायचं. रशियात त्याच युद्धाच्या काळात गर्भपाताचं ‘प्रलोभन’ देण्यावर एकेका प्रांतात दंड बसू लागला आणि नोव्हेंबर २०२४मध्ये मूल नको म्हणण्याचा ‘प्रचार’ देशभर बेकायदा ठरला. गाझात डिसेंबर २०२३मध्ये सर्वांत मोठ्या वंध्यत्व उपचार केंद्रावर तोफगोळा पडला आणि चार हजारांहून अधिक गोठवलेले भ्रूण नष्ट झाले. मूल होऊ न देण्याचा निर्णय असो की होऊ देण्याचा, युद्ध दोन्ही हिरावतं. आपल्याच नियमांत वीस ते चोवीस आठवड्यांच्या यादीत आपत्ती आणि मानवी संकटात सापडलेल्या स्त्रिया आहेत, म्हणजे नियम लिहिणाऱ्यांनाही हे ठाऊक होतं. पण ती सवलत सरकारने आणीबाणीची परिस्थिती जाहीर केली तरच लागू होते.

आणि सविता हलप्पनवार. बेळगावातून आयर्लंडला गेलेली, ३१ वर्षांची दंतवैद्य. सतराव्या आठवड्यात गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झालं होतं, तिने गर्भपात मागितला, गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून तो नाकारला गेला, आणि २८ ऑक्टोबर २०१२ला गॉलवेच्या रुग्णालयात जंतुदोषाने ती गेली. तेव्हा कुठलं युद्ध नव्हतं. आयरिश लोक रस्त्यावर उतरले, सहा वर्षं मागे लागले, आणि मे २०१८च्या सार्वमतात ६६.४ टक्क्यांनी गर्भपातावर बंदी घालणारी घटनेतली तरतूद काढून टाकली.

आपल्याला काय हवं, तेही स्पष्ट असू दे. बारा आठवड्यांपर्यंत बाईच्या सांगण्यावर गर्भपात व्हावा. कलम ८८मधून बाईचं नाव निघावं. गोळ्या तालुक्याच्या औषध दुकानात, चिठ्ठीवर, माहितीपत्रकासह मिळाव्यात. नवऱ्याची सही मागणाऱ्या दवाखान्याला जाब विचारणारी यंत्रणा जिल्ह्यात असावी. ऊसतोड बायकांना फडावर आरोग्य तपासणी आणि पाळीच्या दिवसांत खाड्याशिवाय सुट्टी मिळावी. पुढच्या वेळी तो मजकूर आला, तर त्याखाली यातली एक तरी मागणी लिहून पाठवा.